साधन आहे, बसवणारा नाही

लॅपटॉपच्या स्क्रीनच्या वरच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा कॅमेरा असतो. व्हिडिओ कॉल सोडला तर बहुतेकांना तो आठवतही नाही. ज्यांचे हात हलत नाहीत पण मान ताब्यात आहे, त्यांच्यासाठी मात्र हाच कॅमेरा माऊसचे काम करू शकतो. प्रोग्रॅम सुरू केला की स्क्रीनवर आपला चेहरा दिसतो आणि नाकाच्या शेंड्यावर एक छोटा चौकोन बसवता येतो. मग मान डावीकडे वळली की कर्सर डावीकडे सरकतो, हनुवटी उचलली की वर जातो आणि एखाद्या बटणावर ठरावीक वेळ, समजा एक सेकंद, स्थिर राहिला की आपोआप क्लिक होते. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचे जेम्स गिप्स आणि बॉस्टन विद्यापीठाच्या मार्ग्रिट बेट्के यांनी घडवलेला ‘कॅमेरा माऊस’ २००७ मध्ये सर्वांसाठी फुकट उपलब्ध झाला. स्पेनमधल्या सेसर मौरी यांचा ‘ईव्हायाकॅम’ तर फुकटही आहे आणि मुक्तस्रोतही. विंडोजमध्ये नजरेने संगणक चालवण्याची सोय २०१७ मध्ये आली, अ‍ॅपलच्या मॅकमध्ये डोके हलवून कर्सर फिरवण्याची सोय २०२० मध्ये आली आणि आयफोनमध्ये नजरेची सोय २०२४ मध्ये. गुगलने चेहऱ्याच्या हावभावांवर चालणारा ‘प्रोजेक्ट गेमफेस’ २०२३ मध्ये संगणकासाठी आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइड फोनसाठी खुला केला.

म्हणजे हाताशिवाय संगणक चालवणे ही आता प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही. तरीही आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, एखाद्या सरकारी कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात अशा पद्धतीने काम करणारी व्यक्ती क्वचितच दिसते. याचे कारण विचारले की दोन ठरलेली उत्तरे येतात. एक, ही साधने महाग आहेत. दुसरे, लोकांना माहिती नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. फुकट प्रोग्रॅम पंधरा-वीस वर्षे उपलब्ध असताना किंमत हे पूर्ण कारण असू शकत नाही. माहितीचे म्हणाल तर स्मार्टफोन हाताळणाऱ्या घरात ती पोचायला फार वेळ लागत नाही. खरी उणीव वेगळीच आहे. वस्तू विकत घेणे आणि वाटणे यासाठी आपल्याकडे योजना आहेत, निविदा आहेत, शिबिरे आहेत. ती वस्तू एका विशिष्ट माणसाच्या शरीराला जुळवून देणे, त्याला शिकवणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा येऊन पाहणे यासाठी मात्र आपल्याकडे ना नेमलेला माणूस आहे, ना निधीचे शीर्ष. हाताशिवायच्या संगणकाचा प्रश्न मुख्यतः या सेवेचा आहे, आणि ती सेवा उभी करणे आपल्या आवाक्यातले आहे, असे माझे म्हणणे आहे.

जुळवून देणे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी ‘हात चालत नाहीत’ या तीन शब्दांच्या आत किती वेगवेगळी शरीरे आहेत ते पाहावे लागते. अपघातात मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या तरुणाचे हातपाय निकामी होतात, पण इजा फार वर नसेल तर मान आणि चेहरा शाबूत राहतो. त्याच्यासाठी डोक्याने चालणारा माऊस अगदी योग्य. यातलाच एक प्रकार असा असतो की कपाळावर टिकलीएवढा चकाकणारा ठिपका चिकटवायचा आणि स्क्रीनवरचे यंत्र अवरक्त किरणांनी त्या टिकलीचा माग काढते. पण ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला हेच साधन दिले तर तो दहा मिनिटांत दमून जाईल. या आजारात मानेचे स्नायू लवकर दुबळे होतात आणि बोटांच्या टोकांची बारीक हालचाल मात्र बरीच वर्षे टिकते. त्याला हवी बोटाच्या हलक्या स्पर्शाने वळणारी इवलीशी जॉयस्टिक किंवा एखादा नाजूक स्विच. सेरेब्रल पाल्सीच्या काही प्रकारांत मान हलते, पण ती मनाविरुद्धही हलते. तिथे कर्सरची थरथर गाळून टाकणारी सेटिंग आणि डोक्याला नीट आधार देणारी खुर्ची नसेल तर कुठलाही कॅमेरा उपयोगाचा नाही. एएलएस या हळूहळू स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णाचे चित्र आणखी निराळे. आज त्याला साधा ट्रॅकबॉल पुरतो, वर्षभराने कदाचित डोक्याचा माऊस लागतो आणि त्यानंतर नजरेचे यंत्र, कारण या आजारात डोळ्यांचे स्नायू सहसा सर्वांत शेवटपर्यंत साथ देतात. चार माणसे, चार साधने. आणि चौथ्याच्या बाबतीत तर एकाच माणसाला तीन साधने, एकामागून एक. शंभर नग एकाच मापाचे मागवून हा प्रश्न सुटणार नाही.

साधन योग्य निवडले तरी काम तिथेच संपत नाही. नाकाच्या शेंड्यावर चालणारा तो फुकट प्रोग्रॅमच घ्या. खाटेच्या मागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो आणि कॅमेऱ्याला नाक सापडत नाही. अशा वेळी खाट फिरवायची किंवा खिडकीला पडदा लावायचा. लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही, कारण मांडीला झटके येतात. तो डोळ्यांच्या उंचीवर, हलणार नाही अशा स्टँडवर लागतो, आणि रुग्णाला कुशीवर वळवताना तो स्टँड बाजूला सरकवता आला पाहिजे. कर्सर किती वेगाने पळावा हे ठरवावे लागते. वेग फार ठेवला तर तो बटणावरून निसटतो, कमी ठेवला तर स्क्रीनच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला मान दुखेपर्यंत वळवावी लागते. क्लिकसाठी थांबायचा वेळ अर्धा सेकंद ठेवला तर नको तिथे क्लिक होतात, दोन सेकंद ठेवला तर एक ओळ लिहायला अर्धा तास जातो. नजरेच्या यंत्राला याहून मोठी अडचण आहे. डोळे पाहण्यासाठीही लागतात आणि दाबण्यासाठीही, त्यामुळे नुसते वाचत असतानाही जिथे नजर रेंगाळेल तिथे क्लिक होण्याचा धोका असतो. शिवाय खिडकीतून येणारे थेट ऊन आणि चष्म्याच्या काचेवरची चमक त्याला चकवतात. यातली एकही अडचण अवघड नाही. पण ती पहिल्याच दिवशी कुणी सोडवली नाही, तर दुसऱ्या दिवशी यंत्र कपाटात जाते आणि घरचे म्हणतात, ‘त्याला नाही जमलं.’ या वाक्याने माणसावर जो शिक्का बसतो, तो पुसणे त्या यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडते.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेत बेट्सी फिलिप्स आणि होंगशिन झाओ यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या क्षेत्रात आजही आधार म्हणून सांगितला जातो. साहाय्यक साधने वापरणाऱ्या २२७ प्रौढांना त्यांनी विचारले आणि त्यात असे दिसले की सुमारे २९ टक्के साधने लोकांनी वापरणे सोडून दिले होते. कारणे वाचली की आपल्याच शिबिरांचे वर्णन वाचल्यासारखे वाटते. निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारले नव्हते, साधन सहज हाती आले म्हणून घेतले होते, ते नीट चालत नव्हते आणि दरम्यान वापरणाऱ्याची गरज बदलली होती. त्या अभ्यासात चाकाच्या खुर्च्यांपासून काठ्यांपर्यंत सगळी साधने होती. संगणक चालवण्याचे साधन तर काठीपेक्षा कितीतरी पट अधिक जुळणी मागते. त्यामुळे न विचारता दिलेला डोक्याचा माऊस टिकण्याची शक्यता काठीपेक्षा कमीच मानावी लागेल.

आता आपल्या योजनांकडे वळू. दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची मुख्य योजना ‘एडिप’ या नावाने ओळखली जाते आणि ती १९८१ पासून चालू आहे. तिच्या पूर्ण इंग्रजी नावात साधनांची ‘खरेदी’ आणि साधने ‘बसवणे’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. ज्यांनी ते नाव दिले त्यांना दोन्ही कामे वेगळी आहेत याची जाणीव असली पाहिजे. प्रत्यक्षात कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, श्रवणयंत्रे यांच्या मोजमाप शिबिरांवर आणि मग वाटप शिबिरांवर सगळा भर असतो. या साधनांनी लाखो लोकांची घराबाहेर पडण्याची सोय केली आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण मांडवात एका दिवसात पाचशे माणसांची मापे घेण्याची ही पद्धत तीनचाकीसाठी चालून जाते. नाकाच्या शेंड्यावरच्या माऊससाठी ती चालणार नाही. तिथे एका माणसाच्या घरी, त्याच्या खाटेजवळ, त्याच्या खिडकीच्या उजेडात दोन तास बसावे लागते.

हे काम करायचे कुणी, याचे उत्तर महाराष्ट्रापाशी सत्तर वर्षांहून जुने आहे. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, या शास्त्राचे शिक्षण देणारी भारतातली पहिली संस्था १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्राच्या. शरीरात जे उरले आहे त्यातून रोजचे काम कसे करता येईल ते शोधायचे, आणि माणसाला वस्तूशी जुळवण्याऐवजी वस्तू माणसाला जुळवायची, हाच या शास्त्राचा गाभा आहे. हाताशिवायचा माऊस बसवणे हे काम या व्यवसायाच्या अगदी मध्यभागी येते. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जायबंदी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ आहे. ज्ञान या राज्यात आहे. पण ते मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेले आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या खाटेपर्यंत ते पोचवायचे तर व्यवसायोपचार तज्ज्ञाच्या त्या दोन तासांचे आणि प्रवासाचे पैसे कुठल्या तरी शीर्षाखाली मिळायला हवेत.

निधी नाही, हे उत्तर निदान महाराष्ट्राला देता येणार नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा राज्याचा नियम आहे. २०२२ च्या अखेरीस राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला. पण हा ५ टक्के निधी अनेक ठिकाणी मार्चअखेर रोख वाटपात किंवा सर्वांना सारख्या वस्तू देण्यात संपतो. गरीब घरात ती रोख रक्कमही लागते, हे मान्य. पण तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी या निधीतला थोडा थोडा वाटा एकत्र करून एका फिरत्या तज्ज्ञाचे मानधन, दोन-तीन प्रकारची चाचणीची साधने आणि काही जुने लॅपटॉप यांची सोय करायचे ठरवले, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. साधन आधी महिनाभर वापरून पाहायला द्यायचे, जमले तरच कायमचे द्यायचे, नाही जमले तर परत घेऊन दुसऱ्याला द्यायचे. वाचनालयात पुस्तक देतात तसे. पन्नास हजारांचे नजरेचे यंत्र एका कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा ते वर्षभरात सहा खाटांजवळ जाऊन आले तर कोणाला ते खरोखर लागते हे तरी कळेल.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो आवाजाचा. आता फोन बोलून चालतो, गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय २०१७ मध्येच आणली, मग नाक आणि डोळे कशाला? आक्षेप गंभीर आहे, कारण ज्यांचे बोलणे स्पष्ट आहे त्यांच्यासाठी आवाज हे उत्तम साधन आहे आणि त्यांनी तेच वापरावे. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचे उच्चार आईला आणि बहिणीला कळतात, यंत्राला कळत नाहीत. एएलएसमध्ये वाचा जाऊ शकते. श्वासासाठी घशात नळी असलेल्या माणसाला बोलताच येत नाही किंवा दोन वाक्यांनी धाप लागते. शिवाय मजकूर बोलून लिहिणे आणि संगणक बोलून चालवणे यांत फरक आहे. ‘तिसऱ्या स्तंभातला सातवा चौकोन निवड’ असे प्रत्येक हालचालीसाठी बोलत बसणे किती दमवणारे असेल, याचा विचार करावा. आणि एका खोलीत सहा माणसे राहत असताना बँकेचा पासवर्ड किंवा मित्राला लिहिलेला निरोप मोठ्याने उच्चारायचा, हे कुणाला आवडेल? आवाज, नाक, डोळे ही एकमेकांना पूरक साधने आहेत. बऱ्याच लोकांना दोन मिळून लागतात: शब्द आवाजाने आणि क्लिक नाकाने.

दुसरा आक्षेप घराघरांतला आहे आणि तो प्रेमापोटी येतो. ‘आम्ही आहोत ना, त्याचं सगळं करायला. त्याला कशाला त्रास?’ आपल्या कुटुंबव्यवस्थेची ही खरी ताकद आहे. कित्येक देशांत ज्या माणसाला संस्थेत राहावे लागले असते त्याला आपल्याकडे आई, भावजय, पुतण्या सांभाळतात. पण संगणकाच्या बाबतीत दुसऱ्याने करून देण्याचा अर्थ असा होतो की माणसाच्या प्रत्येक शब्दाला एक साक्षीदार असतो. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आपली पेन्शन किती जमा झाली हे पुतण्याकडून वाचून घ्यायचे, पुतण्या क्लासला गेला की बातम्या वाचणे थांबवायचे, रागावलेले पत्र लिहायचे असेल तर ज्याच्यावर राग आहे त्याच्याकडूनच टाइप करून घ्यायचे. आणि जी आई हे सगळे करते, तिच्या दिवसाचे तासही मोजले पाहिजेत. नाकावरच्या माऊसने तिच्या हातातले दोन तास जरी मोकळे झाले तरी त्या घरात फरक पडतो. साधन दिले म्हणजे कुटुंबाला दूर लोटले असे होत नाही.

तिसरा आक्षेप प्राधान्यक्रमाचा. अजून सर्वांना चाकाच्या खुर्च्या मिळालेल्या नाहीत, औषधे मिळत नाहीत, मग मूठभरांसाठी ही चैन कशाला? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली आणि त्यांत सुमारे ५४ लाख हालचालीच्या अक्षमतेचे होते. यातल्या बहुतेकांचे हात चालतात. त्यांना या साधनांची गरज नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण आकड्याने लहान गटाची गरज मोठ्या गटाच्या रांगेत शेवटी उभी करायची, हा हिशेब न्यायाचा नाही. शिवाय तो आर्थिकदृष्ट्याही चुकीचा आहे. मानेखाली शरीर निकामी झालेल्या माणसाला शेतात, दुकानात, कारखान्यात काम मिळणे जवळपास अशक्य. संगणकावरचे हिशेब, भाषांतर, मुद्रितशोधन, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे ही कामे मात्र त्याला खरोखर करता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या आणि त्यांतला १ टक्का अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी अशांसाठी ठेवला. सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यावी, असेही त्या कायद्यात आहे. पण भरतीच्या आधी माऊस चालवायला शिकवणारे कुणी नसेल तर ती जागा कागदावरच राहते. ही वाजवी सोय म्हणजे काय, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात, लिहिताना हाताला गोळे येणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक देताना, स्पष्ट सांगितले आहे की ती ज्याची त्याला जुळणारी असायला हवी आणि त्या व्यक्तीशी बोलून ठरवायला हवी. व्यवसायोपचार तज्ज्ञ खाटेजवळ बसून जे करतो, त्यालाच न्यायालयाने कायद्याचे रूप दिले आहे.

माणसाच्या बाजूची जुळणी झाली तरी समोरच्या स्क्रीनची बाजू उरते. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून एक नियम मांडला: एखाद्या लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो; लक्ष्य जितके दूर आणि जितके बारीक, तितका वेळ जास्त. हातात माऊस असणाऱ्याला हा फरक क्षणाचा वाटतो. नाकाने कर्सर चालवणाऱ्याला तो दिवसभराचा थकवा असतो. इन्स्क्रिप्ट मांडणीच्या स्क्रीनवरच्या कळफलकावर ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द लिहून पाहा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. झाल्या दहा कळा, आणि ‘ष’ शिफ्टवर असल्याने एक आणखी. प्रत्येक कळेपर्यंत पोचायला एक सेकंद आणि तिथे थांबायला एक सेकंद धरला तर बावीस सेकंद, तेही एकदाही न चुकता. पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, पोस्ट लिहीपर्यंत मान भरून येते. म्हणून मराठीत पुढचा शब्द सुचवणारा कळफलक ही या लोकांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. ‘म’ आणि ‘ह’ लिहिताच ‘महाराष्ट्र’ सुचला तर अकराच्या जागी तीन क्लिकमध्ये काम होते. फोनवर हे आपण रोज पाहतो. स्क्रीनवरच्या, थांबून क्लिक करायच्या कळफलकात ते तितकेच चांगले असायला हवे आणि त्यासाठी मराठी भाषेच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी थोडे लक्ष घालावे.

त्याहून मोठा अडथळा असतो तो अर्जांचा. ठरावीक मिनिटांत पूर्ण केले नाही तर सगळे पुसून टाकणारे अर्ज, ओटीपीची संपणारी मुदत, एकमेकांना चिकटलेली बारीक बटणे, तुकडा ओढून कोड्यात बसवायला लावणारी पडताळणी, सुरक्षेचे कारण देऊन साहाय्यक सेवा चालू दिसताच काम नाकारणारी काही अ‍ॅप. यावर उपाय शोधायला नवे संशोधन लागत नाही. संकेतस्थळे सुलभ करण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांची ऑक्टोबर २०२३ मधली आवृत्ती सांगते की दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी किंवा तिच्याभोवती तेवढी मोकळी जागा असावी, आणि ओढून करायच्या प्रत्येक कामाला नुसत्या क्लिकने करायचा पर्याय असावा. वेळमर्यादा वाढवून मिळावी हा नियम तर त्याही आधीचा आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १७८०२’ हे मानक दोन भागांत २०२१ आणि २०२२ मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते दिव्यांग हक्क नियमांत घेतले गेले. सुरक्षेला धोका नको, हे बँकांचे म्हणणे रास्त आहे. पण मुदत संपण्याआधी ‘आणखी वेळ हवा का?’ असे विचारल्याने कुणाचे खाते रिकामे होत नाही. शिवाय मोठी, सुटी बटणे आणि पुरेसा वेळ यांचा फायदा हात थरथरणाऱ्या आजोबांनाही होतो आणि बसमध्ये उभ्याने फोन हाताळणाऱ्या तरुणालाही.

न्यायालयांनी याबाबत आता संदिग्धता ठेवलेली नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्क नियमांतला १५(१) हा नियम रद्द ठरवला, कारण तो सुलभतेला केवळ शिफारशीचे स्वरूप देत होता. किमान अटी सक्तीच्या करा, असा आदेश सरकारला दिला. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात, डोळ्यांची उघडझाप न करता आल्यामुळे ऑनलाइन केवायसी अडलेल्या अ‍ॅसिडहल्ल्याच्या पीडितेच्या निमित्ताने, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ज्या माणसाला मानेच्या हालचालीवर अर्ज भरायचा आहे, त्याचा दावा याच तत्त्वावर उभा राहतो.

काही जण म्हणतील, थोडे थांबा, मेंदूत बसवायची चिप येते आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘न्यूरालिंक’ने नोलंड आर्बो या अमेरिकन तरुणाच्या मेंदूत पहिली चिप बसवली आणि त्याने नुसत्या विचाराने कर्सर हलवला, हे खरे आहे. पण मेंदूतल्या इलेक्ट्रोडने कर्सर हलवण्याचा ‘ब्रेनगेट’चा प्रयोग मॅट नेगल या रुग्णावर २००४ मध्येच झाला होता. मधल्या वीस वर्षांत हे तंत्र मोजक्या माणसांपुरतेच राहिले, आणि आर्बो यांच्या मेंदूत बसवलेले काही धागेही काही आठवड्यांत जागेवरून सरकले. संशोधन चालू राहावे. आज सांगलीत किंवा वाशिममध्ये खाटेवर असलेल्या मुलीला मात्र शस्त्रक्रियेची वाट पाहायची गरज नाही. तिच्या घरातल्या लॅपटॉपवर कॅमेरा आहे, मान वळते आहे आणि प्रोग्रॅम फुकट आहे. नजरेचे महाग यंत्र ज्यांना खरोखर लागते त्यांच्यासाठी तेवढी त्याची किंमत सरकारने उचलायची. बाकीच्यांसाठी खर्च आहे तो स्टँडचा आणि माणसाच्या वेळेचा.

सुरुवात फार मोठी असायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या दिव्यांग पुनर्वसन केंद्रात एक व्यवसायोपचार तज्ज्ञ या कामासाठी नेमावा, तालुक्याच्या संगणक प्रशिक्षण केंद्रातल्या एका शिक्षकाला त्याने आठवडाभर शिकवावे, म्हणजे रोजच्या लहानसहान अडचणी तिथल्या तिथे सुटतील. ‘कर्सर सारखा वर का जातो’ एवढ्यासाठी जिल्ह्याला फोन करावा लागू नये. आणि शिबिरांत जो लाभार्थ्यांचा तक्ता भरतात, ज्यात नाव, ओळखपत्राचा क्रमांक, साधनाचा प्रकार, दिल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा असे रकाने असतात, त्यात सहीच्या पुढे आणखी दोन रकाने छापून घ्यावेत: तीन महिन्यांनी भेट दिली ती तारीख, आणि त्या दिवशी साधन वापरात होते का. अंगठ्याचा ठसा देऊ न शकणाऱ्या माणसाकडून त्या तक्त्यात सही कशी घ्यायची, हेही त्याच वेळी ठरवावे लागेल.